मायक्रोफायनान्स म्हणजे काय? बजाजनगरच्या मेसवाल्या ताईंना त्याचा कितपत उपयोग?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्या औद्योगिक पट्ट्यात बजाजनगर ही कामगारवस्ती वाढली. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगारांवर इथले कितीतरी छोटे धंदे चालतात: मेस, डबे, शिलाई, भाजीची गाडी. मेससाठी भांडी, शेगडी, किराणा घ्यायला चाळीस हजार हवे असतील, तर बँक पगारपत्रक किंवा तारण मागते. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही त्यांना तारणाशिवाय मिळणारे छोटे कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स.

ते दोन वाटांनी मिळते. पहिली वाट बचत गटाची. दहा-वीस जणी दरमहा ठरलेली रक्कम जमा करतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात आणि गटाचा व्यवहार चोख दिसला की बँक गटाला कर्ज देते. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात माविमनेही हे काम मोठ्या प्रमाणावर केले. दुसरी वाट फायनान्स कंपनीची. इथे आधी बचत लागत नाही, पैसे लवकर मिळतात. मात्र अनेकदा गटातल्या बायकाच एकमेकींच्या जामीन असतात. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना भरावा लागतो आणि शेजारसंबंध बिघडतात ते इथेच.

खानावळीला कर्ज देण्याची कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीत अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. त्यांचा धंदा आणि गिऱ्हाईक आधीपासूनच होते. कर्जामुळे वाचले ते सावकाराचे व्याज.

हा फरक किती पडतो? सावकाराचा दर महिन्याला शेकडा पाच धरा. चाळीस हजारांवर दरमहा दोन हजार नुसते व्याज जाते, मुद्दल तसेच राहते. तेच कर्ज वर्षाला २४ टक्के, घटत्या शिलकीवर, दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २,११५ रुपये बसतो आणि दोन वर्षांत कर्ज फिटते. पण ‘फ्लॅट १२ टक्के’ ऐकून हुरळू नका. एका वर्षाच्या कर्जावर तो दर प्रत्यक्षात साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो.

मग गरिबी हटते का? अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांत केलेल्या अभ्यासात सरासरी कुटुंबाचा खर्च वाढलेला दिसला नाही. आधीपासून धंदा असलेल्यांना मात्र फायदा झाला. म्हणून चालत्या मेसमध्ये मोठे पातेले घ्यायला कर्ज काढणे आणि लग्नासाठी किंवा जुना हप्ता भरायला कर्ज काढणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात हप्ता फेडणारी कमाईच नसते. त्यात कारखान्यातली एखादी शिफ्ट बंद झाली की मेसचे गिऱ्हाईकही कमी होते, हप्ता मात्र कमी होत नाही.

आंध्र प्रदेशात २०१० मध्ये अशाच कर्जावर कर्ज चढत गेले आणि वसुलीवरून मोठे संकट उभे राहिले. सध्या लागू असलेले रिझर्व्ह बँकेचे नियम एप्रिल २०२२ पासूनचे आहेत. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेले कर्ज यात मोडते. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. घरात पंधरा हजार येत असतील तर साडेसात हजार ही हद्द. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड घेता येत नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ किंवा धमकी तर अजिबात चालत नाही. व्याजाला मात्र ठरावीक कमाल मर्यादा नाही, त्यामुळे दोन-तीन ठिकाणचे दर विचारूनच सही करा.

तक्रार असेल तर आधी कंपनीकडे लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी त्यांचा क्रमांक १४४४८.