धूर दिसतो तेच गाव

कॅन्ससच्या वायव्य भागातल्या ग्रॅहम काउंटीचा नकाशा पट्टीने आखल्यासारखा आहे. मैलभर लांब, मैलभर रुंद, ६४० एकरांचे चौकोन. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर. १८६२च्या होमस्टेड कायद्यानुसार एवढी जमीन पाच वर्षं राहून कसली की नावावर होई. सॉलोमन नदीचा दक्षिण फाटा तेवढा या रेघांना न जुमानता वळणं घेत जातो. त्याच्या उत्तरेला निकोडेमस आहे.

गुलामीतून सुटलेल्या केंटकीच्या कृष्णवर्णीयांनी १८७७ साली ते वसवलं. त्याआधी चारच वर्षं, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. मुक्त झालेल्यांचं पुढे काय झालं, हे मला निकोडेमसला कळलं.

जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी इथल्या घराण्यांची पांगलेली मुलंनातवंडं दूरदूरच्या शहरांतून गावी येतात. मी गेलो तेव्हा म्हातारी माणसं सावलीत खुर्च्या टाकून बसली होती. वाटेत दुतर्फा ज्वारी उभी होती. इथे ती गुरांसाठी पिकते. म्हाताऱ्यांना म्हटलं, आमच्याकडे ज्वारीची भाकरी करतात. एका आजींनी ती कशी थापतात ते नीट विचारून घेतलं आणि मग आपल्या पणजीच्या पहिल्या हिवाळ्याबद्दल सांगू लागल्या.

इथल्या बहुतेक आठवणींची सुरुवात निराशेने होते. विलियाना हिकमन १८७८च्या वसंतात आल्या, त्यांची आठवण छापून राहिली आहे. रेल्वे एलिस गावापर्यंतच होती. तिथे गोवराची साथ आली, मुलं दगावली. पुढे होकायंत्र धरून उघड्या माळावरून प्रवास. कुणीतरी ओरडलं, ते बघा निकोडेमस! पण घर कुठेच दिसेना. मग जमिनीतून धूर येताना दिसला. माणसं भुई खणून तिच्या पोटात राहत होती. ते पाहून विलियानाबाईंना रडू कोसळलं. लाकूड नव्हतं, झाडं फक्त ओढ्यानदीच्या काठाने. सुपीक जमिनीची जाहिरात वाचून आलेली काही कुटुंबं लगेच परत फिरली. त्यांना भित्रे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जे राहिले त्यांनी कुदळ-फावड्याने माळ फोडला, शाळा काढली, चर्च उभारली. इथल्याच एडवर्ड मॅकेब यांना १८८२ मध्ये साऱ्या राज्याने ऑडिटर म्हणून निवडून दिलं. १८८८ मध्ये मात्र रेल्वे नदीच्या दक्षिणेने गेली. दुकानदार आपापली दुकानं घेऊन पलीकडे, बोगला गेले. पुढे १९३०च्या दशकातली मंदी आणि धुळीची वादळं उरल्यासुरल्यांवर कोसळली.

आजींच्या सगळ्या सांगण्यात मला मोलाची वाटली ती ओसेज या इथल्या मूळनिवासी लोकांची गोष्ट. पहिल्या हिवाळ्यात धान्य संपलं होतं. शिकारीहून परतणारे ओसेज लोक भेटले आणि त्यांनी आपल्याजवळचं मांस या उपाशी माणसांना दिलं. याच ओसेजांना काही वर्षांपूर्वीच कॅन्ससमधली आपली भूमी सोडून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं होतं. चौकोन आखणाऱ्यांच्या लेखी हा माळ रिकामा होता. निकोडेमसच्या म्हाताऱ्यांनी मात्र तो कधी रिकामा मानला नाही. आपण जगलो ते कुणाच्या घासावर, हे त्यांनी नातवंडांना पिढ्यान् पिढ्या सांगितलं.

१९९६ पासून निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. १९३९चा चुनखडी दगडाचा टाउनशिप हॉल आणि जुनी शाळा अजून उभी आहेत. महामार्ग २४ ने जाताना पुष्कळजण इमारतींचे फोटो काढून निघतात. तुम्ही गेलात तर जुलैअखेर जा, खुर्ची ओढून बसा आणि ओसेजांचं विचारा.