जुनी गाडी आणि न मिळणारी काच

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला दसरा चौकात येणारी मेबॅक गाडी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, निदान वर्तमानपत्रातल्या फोटोत तरी. ही गाडी मूळची जर्मनीची. मेबॅकचा कारखाना बोडेनसे सरोवराच्या काठी, फ्रीडरिक्सहाफेनला होता. आता विचार करा, अशा गाडीच्या समोरच्या काचेवर दगड बसला, तर नवी काच आणायची कुठून?

इंजिनाचा झिजलेला भाग लेथवर करून घेता येतो, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करता येतो. आरपार तडकलेली काच मात्र बदलावीच लागते.

तुम्हाला वाटेल, गाडी जितकी जुनी तितकी काच दुर्मीळ. प्रत्यक्षात बरेचदा उलट असतं. मेबॅक कंपनी इंजिन आणि चासी द्यायची. वरची बॉडी राव्हेन्सबुर्गच्या श्पोनसारखे कारागीर ग्राहकाच्या आवडीप्रमाणे बांधायचे. त्यामुळे गाडीगणिक काचेचं माप वेगळं. पण त्या काळच्या काचा बहुतेक सपाट. पुठ्ठ्याचा नमुना कापून दिला, की काचवाला लॅमिनेटेड काचेतून, म्हणजे मधे प्लास्टिकचा पातळ थर असलेल्या दुहेरी काचेतून, तसा तुकडा कापून देऊ शकतो.

खरी पंचाईत होते ती १९५० नंतरच्या गाड्यांची. समोरची काच वळणदार झाली. ती करताना दोन काचा एकावर एक ठेवून साच्यावर तापवतात. मऊ झाल्या की त्या स्वतःच्या वजनानं झुकून साच्याचा आकार घेतात. मग मधे प्लास्टिकचा थर घालून उष्णता आणि दाब देऊन त्या चिकटवतात. बाजूच्या टफन काचेचा प्रश्न वेगळा. ती ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. त्यानंतर तिला कापायला किंवा भोक पाडायला गेलात, तर हातात बारीक खडेच उरतात. माप आधीच अचूक हवं.

म्हणून प्रश्न येतो साच्याचा. एका काचेसाठी साचा कोण करणार? ब्रेमेनची बोर्गवार्ड कंपनी १९६१ मध्ये बुडाली. तिच्या इझाबेला गाड्या दोन लाखांहून जास्त बनल्या होत्या. मर्सिडीजवाल्यांना श्टुटगार्टजवळ फेलबाखचं क्लासिक सेंटर आहे. इझाबेलावाल्यांना आधार एकमेकांचाच. अशा गाड्यांचे क्लब मागण्या गोळा करतात, खर्च वाटून घेतात आणि एकदम काचा पाडून घेतात. नाहीतर मानहाइमच्या वेटेरामा बाजारात जुन्या काचा शोधत फिरायचं.

त्यात कायदाही आहे. गाडीला खिडकीची साधी काच चालत नाही. सुरक्षा काच लागते आणि तिच्यावर मंजुरीची खूण लागते. जुन्या जर्मन काचेच्या कोपऱ्यात नागमोडी रेघ, डी अक्षर आणि क्रमांक दिसतो, ती हीच खूण. १९९७ पासून इथे तीस वर्षांपेक्षा जुन्या, नीट जपलेल्या गाडीला नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं. एच म्हणजे हिस्टोरिश, ऐतिहासिक. पण ऐतिहासिक झाली म्हणून काचेच्या सुरक्षेतून तिची सुटका नाही.

हे फार लांबचं वाटत असेल तर एक हिशेब करा. मर्सिडीजनं पुण्यात गाड्या जोडायला सुरुवात केली १९९५ मध्ये, डब्ल्यू १२४ या मॉडेलनं. तेव्हा आपल्याला नवलाईची वाटलेली ती गाडीही आता तिशीला पोचली.

तेव्हा जर्मनीत जुनी गाडी घ्यायला निघालात, तर रंगाआधी काचा बघा. कोपऱ्यातली खूण वाचा. कडेनं काच दुधी पडली असेल, तर आतला थर सुटतो आहे असं समजा. आणि समोरची वळणदार काच तडकलीच, तर ती लगेच फेकून देऊ नका. लॅमिनेटेड काच तडकूनही आकार सोडत नाही, आणि कंपनी बुडालेली असेल, नकाशे हरवलेले असतील, तर नव्या साच्याला माप देणारी तेवढीच एक वस्तू उरलेली असते.