श्रेणीचे सभासद आणि देवाचा दिवा

सायंकाळी देवळात दिवा लागतो, तेव्हा त्याच्या तेलाची तरतूद कोणी केली असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. प्राचीन काळी या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'श्रेणी' असे मिळे. एका व्यवसायातील लोकांचा, स्वतःचे नियम असलेला आणि राजालाही मान्य असा संघ म्हणजे श्रेणी. तिच्यात प्रवेश कसा होई, पायऱ्या कोणत्या असत, आणि तिच्या शब्दावर लोक आपले द्रव्य का ठेवीत, याचा विचार येथे करू.

श्रेणीच्या पतीचा बोलका पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणे कायमची ठेविली. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० शेकडा पाऊण व्याजाने. लेखातील 'पायून' हा शब्द आपल्या 'पाऊण'चा पूर्वजच होय. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ द्यावयाचे, म्हणजे हिशेब तंतोतंत जुळतो. मुद्दलास हात लावावयाचा नव्हता. हा व्यवहार निगमसभेत ऐकविण्यात आला आणि फलकावर नोंदविला गेला.

एवढा विश्वास आपोआप निर्माण होत नाही. बृहस्पतिस्मृतीप्रमाणे संघकार्यास लागण्यापूर्वी कोश, लेख किंवा मध्यस्थ यांच्या द्वारे परस्परांची खात्री पटवावी लागे. कोश म्हणजे देवतेचे स्नानोदक प्राशन करून केलेले दिव्य. शिकाऊ मुलास 'अंतेवासी' म्हणत. तो ठरलेली मुदत गुरूच्या घरी राही; गुरूने त्यास जेवू घालावे, पुत्राप्रमाणे वागवावे आणि दुसऱ्या कामास जुंपू नये, असे नारद सांगतो. पुढे कारागिरांच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: शिक्षक (म्हणजे शिकणारा), अभिज्ञ, कुशल आणि आचार्य. मिळकतीत त्यांचे वाटे अनुक्रमे एक, दोन, तीन व चार. पायरी चढावयाची ती कसबाने, हेच यातून दिसते.

कारभार दोन, तीन किंवा पाच 'कार्यचिंतकां'कडे असे. द्वेषी, व्यसनी, आळशी, भित्रा वा लोभी मनुष्य या पदास अपात्र. याज्ञवल्क्य तर आणखी कडक आहे. संघाच्या कामासाठी पाठविलेल्यास जे काही मिळेल ते त्याने संघास द्यावे. न दिल्यास अकरापट भरावे. संघाचे द्रव्य हरण करणाऱ्याचे सर्वस्व घेऊन त्यास हद्दपार करावे. मान मोठा, तसा दंडही मोठा.

श्रेणी गावाला खिळलेली नव्हती. लाट देशातील रेशीम विणकर माळव्यात दशपुरास, म्हणजे आजच्या मंदसोरास, येऊन राहिले. त्यांच्यापैकी कोणी धनुर्विद्येत, कोणी ज्योतिषात, कोणी कथाकथनात रमले. तरी श्रेणी टिकली. मालव संवत ४९३ मध्ये (इ. स. ४३६ च्या सुमारास) तिने सूर्यमंदिर बांधिले आणि ५२९ मध्ये, म्हणजे ३६ वर्षांनी, त्याचा जीर्णोद्धारही केला.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरातील इ. स. ८७६ चा लेख शून्याच्या अंकासाठी प्रसिद्ध आहे. पण त्यातील एक शून्य ज्या ५० या आकड्यात आहे, तो देवाला रोज द्यावयाच्या माळांचा आहे. माळ्यांच्या आणि तेल्यांच्या प्रमुखांची नावे तेथे नोंदली आहेत. प्रमुखपद म्हणजे देवापुढील जबाबदारी, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

सर्वांत मार्मिक अट मात्र स्कंदगुप्ताच्या काळातील, इ. स. ४६५ च्या सुमारच्या, ताम्रपटात आहे. हे इंद्रपूर आपले इंदूर नव्हे. ते उत्तर प्रदेशात बुलंदशहराजवळ आहे. तेथील सूर्यमंदिराच्या दिव्यासाठी एका ब्राह्मणाने तेली श्रेणीकडे ठेव ठेविली. श्रेणीने दोन पळे तेल द्यावयाचे. ही ठेव श्रेणीकडे केव्हापर्यंत? श्रेणी ते गाव सोडून गेली तरी चालेल. मात्र तिच्यात एकी असावी.

दात्याने भरवसा ठेविला तो राजावर नव्हे, सभासदांच्या एकोप्यावर. गोमंतकातील देवस्थानांच्या महाजन-सभा आणि इतरत्र असलेली आपली मंडळे यांची घडण वेगळी आहे, हे खरे. तेथील महाजनपद पुष्कळदा कुळाने येते. परंतु हिशेब सभेपुढे वाचावा, पदाबरोबर दंडही स्वीकारावा आणि भांडणे दिव्यापर्यंत पोचू देऊ नयेत, हा श्रेणीधर्म त्यांनाही तितकाच लागू आहे. देवाचा नंदादीप तेलावर जळतो खरा. पण ते तेल रोज येते ते माणसांच्या एकीमुळे.