पायली ते पिंट : एका बाटलीत नेमकं किती?

आजची गोष्ट मापांची आहे. सुरू होते गोंदियाच्या धानातून आणि संपते बिअरच्या बाटलीत. जरा थांबा, दोन्हींचा संबंध आहे.

गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. घरातल्या आजोबांना विचारून बघा. पोती नि क्विंटलच्या आधी धान पायली, कुडो, खंडी असं मोजायचे. वीस कुडोंची एक खंडी. अडचण एकच, ही मापं म्हणजे भांडी होती. भांडं बदललं की माप बदललं. म्हणून नुसतं 'एक पायली' म्हणून भागत नसे, कुठली पायली तेही विचारावं लागे.

तोलायला शेर होता. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. त्याचा चौथा हिस्सा पावशेर, आठवा हिस्सा नवटाक. बाजारातून शेर कधीच गेला, पण हे दोन शब्द अजून जिवंत आहेत. कुठे? दारूच्या बोलीत! 'पावशेर मारून आलाय' हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय.

मग इंग्रजांचा गॅलन आला. १८२४ साली त्यांनी तो ठरवून टाकला, आजच्या हिशेबात सुमारे ४.५५ लिटर. त्याचा आठवा हिस्सा पिंट, म्हणजे ५६८ मिली. अमेरिकेचा पिंट वेगळा, ४७३ मिली. आपल्याकडे १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत गॅलनची जागा लिटरने घेतली. नावं मात्र तशीच राहिली. आज आपल्या बारमध्ये 'पिंट' मागितली की येते ३३० मिलीची छोटी बाटली. ही ना इंग्रजांची पिंट, ना अमेरिकेची.

'क्वार्टर'चं तेच. क्वार्टर म्हणजे पाव. पण ती १८० मिलीची. चार क्वार्टर मिळून होतात ७२०, आणि फुल बाटली असते ७५०ची. उरलेले ३० मिली? बरोबर एक छोटा पेग! म्हणजे बघा, पायलीचाच घोळ नव्या नावाने चालू आहे.

आता खरा हिशेब. व्हिस्कीच्या लेबलवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के असतं. असा विचित्र आकडा का? तोही इंग्रजांचा वारसा. त्यांच्या 'प्रूफ' मोजणीत १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याचे पाऊण, म्हणजे ७५ प्रूफ, बरोबर ४२.८ होतात.

म्हणजे ३० मिलीच्या पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल किती? ३० गुणिले ४२.८ भागिले १००. साधारण १३ मिली.

आता स्ट्राँग बिअर घ्या. मोठी बाटली ६५० मिली, अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत. ६५० गुणिले ८ भागिले १००, म्हणजे ५२ मिली. ५२ भागिले १३ किती? चार! माइल्ड घेतली, ५ टक्क्यांची, तरी ३२.५ मिली. म्हणजे अडीच पेग.

आता आठवा, मित्र काय म्हणतो? "अरे, मी कुठे प्यायलोय, एकच तर बिअर घेतली." चार पेग घेऊन गाडीवर बसतो असं तो कधीच म्हणणार नाही. पण 'एक बिअर' घेऊन तो रात्री गोंदियाहून आमगावला, तिरोड्याला बिनधास्त बाईक काढतो. कारण 'एक' हा शब्द छोटा वाटतो. कायद्याला मात्र तुमची बाटली मोजायची नसते. तो रक्त मोजतो. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही.

आणि मोहाच्या दारूचं काय? तिच्या बाटलीवर तर लेबलच नसतं. ग्लास दिसतो, टक्का दिसत नाही. तिथे गुणाकारसुद्धा करता येत नाही, हे लक्षात ठेवा.

आपले आजोबा विचारायचे, "कुठली पायली?" आपण निदान एवढं तरी विचारू या, "किती मिली, किती टक्के?" मोबाइल हातात आहेच, त्यात कॅल्क्युलेटरही आहे. आणि उत्तर काहीही आलं तरी, घेतली असेल तर गाडीची चावी दुसऱ्याकडे द्या.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत घरात एखादी जुनी पायली सापडली, तर तिच्यात किती पाणी मावतं ते मोजून आम्हाला नक्की कळवा!