उपनगरातील रात्रीचे जेवण

श्रोतेहो, राजांच्या आणि लढायांच्या सनावळ्या आपण शाळेत पाठ करतो. पण लोकांच्या घरी रात्री काय शिजत होते, त्याची सनावळी कोणी मांडत नाही. मुंबईच्या उपनगरांपुरती ती थोडक्यात मांडून पाहू.

अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड ही सारी गावे जुन्या साष्टी बेटावरची. कोळी, आगरी, भंडारी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती ही इथली जुनी वस्ती. रात्रीचे जेवण म्हणजे भात किंवा तांदळाची भाकरी आणि जोडीला मासळीचे कालवण. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की सुके बोंबील आणि सुकट. १५३४ साली साष्टी पोर्तुगिजांकडे गेली, १७३७ साली मराठ्यांनी ती जिंकली. आपल्याकडे मिरची आली ती पोर्तुगिजांच्याच गलबतांतून. त्याआधी आपले तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आले. तेव्हा ज्या ठेच्याचा आपण एवढा अभिमान धरतो, त्यातली मिरची मूळची परदेशी आहे बरे!

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. नोकरी फोर्टात आणि बिऱ्हाड उपनगरात, अशी रीत पडली. कोकणातले, देशावरचे, गुजरातेतले लोक एका चाळीत शेजारी झाले. मालवणच्या बाईने सातारच्या बाईकडून पिठले शिकावे, तिने हिला वालाचे बिरडे विचारावे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ निघाले होते खरे. पण पुष्कळ बायकांचे पाकशास्त्र म्हणजे शेजारीणच!

मग महायुद्ध आले. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले. जन्मभर भात खाल्लेल्या माणसांना शिध्यात येईल ते धान्य शिजवणे भाग पडले. आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आपण समजतो, की पानात विविधता येते ती संपन्नतेमुळे. आपल्या साध्या जेवणातली विविधता मात्र पुष्कळशी टंचाईतून आली आहे. भाजी नसेल तर मटकी भिजत घालायची, मोड आणून उसळ करायची. एकच तूरडाळ; आज आमसूल घालून, उद्या शेवग्याच्या शेंगा घालून. उरलेल्या भाताला फोडणी. डब्यांच्या तळाची पिठे एकत्र करून थालीपीठ. यात कुठेही जादा खर्च नाही. डोके मात्र रोज चालवावे लागते.

आणि याची किंमत कोणी मोजली? धान्य कमी पडले, की पहिला घास कमी होई तो शेवटी जेवणाऱ्या बाईचा. हा हिशेब रेशनकार्डावर कधी लिहिला गेला नाही.

तो रस्त्यावर मांडला गेला १९७२ साली. त्या दुष्काळात आपल्यापैकी अनेकांच्या गावी लाल मिलोच्या भाकऱ्या खाल्ल्या गेल्या. वडीलधाऱ्यांना ती चव अजून आठवत असेल. त्याच साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. अंधेरी आणि बोरिवली यांच्या मधल्या गोरेगावच्या मृणाल गोरे आणि त्यांच्यासोबत अहिल्या रांगणेकर या तिच्या पुढाऱ्यांत होत्या. हजारो गृहिणी हाती लाटणे आणि थाळी घेऊन निघाल्या. धान्य, तेल, साखर, रॉकेल रास्त भावात मिळालेच पाहिजे, ही त्यांची मागणी. पोळी लाटायचे लाटणे थाळीवर वाजू लागले आणि स्वयंपाकघरातला प्रश्न राज्यकर्त्यांच्या कानी गेला.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना एवढेच सांगा : घरातल्या आजीला विचारून या, टंचाईच्या दिवसांत रात्री काय शिजवत होतीस, आणि तू स्वतः काय जेवत होतीस? पहिल्या प्रश्नाला उत्तर लगेच मिळेल. दुसऱ्याला कदाचित थोडा वेळ लागेल. ते उत्तरही मुलांना वहीत लिहून ठेवू द्या. तोही इतिहासच आहे.