बराकीतला प्रपंच

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणनजीक सैनिकांसाठी छावण्या उभारण्यात आल्या होत्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे त्याच बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले; ‘कॅम्प १’ ही छावणीची खूण मात्र आजही टिकून आहे.

सिंधी हिंदूंमध्ये आमिल हे पिढ्यान्‌पिढ्या सरकारी लेखणीवर जगणारे, तर भाईबंद व्यापारी. निर्वासित झाल्यावर हा भेद मिरवण्याची सोय उरली नाही. ज्यांनी कधी तराजू हाती धरला नव्हता, अशा कित्येकांस फेरीवाल्याचे काम पत्करावे लागले. आवडनावड पाहण्यास अवसर कोठे होता? गोणपाटाच्या आडोशामागे घरची माणसे वाट पाहत होती.

पुढे या गावाच्या उद्योगशीलतेचे पुष्कळ कौतुक झाले, व ते यथार्थच आहे. परंतु प्रपंचासाठी नावडते काम करणारा प्रत्येक गृहस्थ हौसेने उद्योगी झालेला नसतो. पुष्कळदा तो नुसता अडकलेला असतो. उल्हासनगरच्या बाजारपेठांचा इतिहास सांगताना ही घुसमटही त्याच्या जमाखर्चात मांडावयास हवी.