मंडाल्यांतील एक दिवस

मंडाले म्हटलें कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें एक तुरुंग उभा राहतो. तो ज्या शहरांत होता त्या शहराकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आमचीहि गोष्ट निराळी नव्हती. २०२० सालच्या जानेवारींत, लोकमान्यांच्या मृत्यूस शंभर वर्षें पुरीं होत होतीं त्या वर्षीं, आम्ही उभयतां पाठीवर एकेक पिशवी टाकून ब्रह्मदेश हिंडावयास गेलों. पन्नाशीला टेकलेल्या प्राध्यापकानें सहकुटुंब बैराग्यासारखें फिरावें हें आमच्या स्नेह्यांस फारसें रुचलें नव्हतें.

सकाळीं भाड्याच्या सायकलींवरून आम्ही खंदकाच्या कडेनें निघालों. दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांनीं १८५२ सालीं गिळल्यावर, उरल्या राज्यासाठीं राजा मिंडॉन यानें १८५७ त ही राजधानी वसविली. तट चौरस असून त्याची एकेक बाजू दोन किलोमीटरांहून लांब आहे. आंतील सागवानी राजवाडा १९४५ च्या मार्चांतील लढाईंत जळाला. आज दिसतो तो १९९० नंतरचा. तो आम्हांस नाटकाच्या पडद्यासारखा वाटला, म्हणून तेथें फार रेंगाळलों नाहीं.

जुन्या राजवाड्याचा एक भाग मात्र वांचला आहे, आणि त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. मिंडॉन १८७८ त ज्या महालांत वारला, तेथें बापाचा वावर आहे या भयानें पुत्र थिबा यानें तो महाल उतरवून तटाबाहेर नेला व भिक्षूंस दिला, असें सांगतात. तोच श्वेनान्डॉ विहार. इतिहासकारानें कधीं कधीं भोळ्या समजुतींचेहि आभार मानावे!

थिबाचें पुढें काय झालें तें महाराष्ट्रास ठाऊक असावयास हवें. सागाच्या व्यापारांतील बॉम्बे-बर्मा कंपनीस त्याच्या दरबारानें केलेला दंड, व फ्रेंचांशीं त्याची वाढती जवळीक, एवढें निमित्त इंग्रजांस पुरलें. १८८५ च्या नोव्हेंबरांत पंधरा दिवसांत राज्य बुडालें. राजा व राणी सुपायालात यांस बैलगाडींतून इरावतीच्या कांठीं नेऊन बोटीवर चढविलें आणि १८८६ त रत्नागिरीस ठेविलें. त्याच रत्नागिरींत १८५६ त टिळक जन्मले होते. थिबासाठीं तेथें बांधलेला वाडा १९१० त पुरा झाला, तेव्हां टिळक थिबाच्या राजधानींत बंदिवान होते आणि त्याच सुमारास पेन्सिलीनें 'गीतारहस्य' लिहीत होते.

टिळकांची कोठडी जेथें होती ती जागा पाहण्याची आमची इच्छा अपुरी राहिली. तटाच्या आंत बहुतेक लष्कराची वस्ती; परकी प्रवाशास पूर्वेच्या दारानें वाड्यापर्यंत जाऊं देत, पलीकडे नाहीं. आम्ही दाराशीं हिरमुसलों, तेव्हां आमचें कुटुंब म्हणालें, "अहो, सत्यभामाबाई गेल्याचें त्यांना इथेंच कळलें ना?" १९१२ सालची ती गोष्ट. थिबास निदान राणीबरोबर जातां आलें होतें.

दुपारीं आम्ही कुथोडॉ येथें गेलों. मिंडॉननें संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरविलें, त्या शिळा तेथें पांढऱ्या देवळ्यांत उभ्या आहेत. सांवलींत बसलेल्या एका वृद्धानें मोडक्या इंग्रजींत आम्ही कोठले म्हणून विचारलें. मुंबईच्या बाजूचे, म्हणतांच तो सावरून बसला. "आमच्या राजाची समाधि तुम्ही पाहिली असेल?"

रत्नागिरीस आम्ही कितीदां तरी गेलों होतों. थिबाचा वाडा पाहिला होता, आंबे आणिले होते. तो राजा १९१६ त तेथेंच वारला हें वर्गांत शिकविलेंहि होतें. समाधि पाहिली नव्हती. आम्ही खरें तें सांगितलें. वृद्ध कांहीं बोलला नाहीं. त्यानें आम्हांस चहा पाजला.

दोन वर्षांनीं ती समाधि आम्ही मुद्दाम पाहिली. रस्ता दोघांतिघांस विचारावा लागला. समाधीचें एक छायाचित्र घेतलें, पण तें धाडावें कोठें? त्या वृद्धाचें नांवहि आम्ही विचारलें नव्हतें. २०२५ च्या २८ मार्चच्या भूकंपांत मंडाल्याच्या तटाचे भाग कोसळल्याची बातमी वाचली, त्या दिवशीं तें छायाचित्र आम्हीं पुन्हां काढून पाहिलें.